शेगडीतला भात

पत्नीला रुग्णालयातून घरी आणले त्यास नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी घरातली शेगडी पेटली नाही.

न्यूमोनियाने तिची फुफ्फुसे पुरती दमवली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी औषधांच्या यादीपेक्षा अधिक वेळ एकाच गोष्टीवर घालवला. खोली दिवसरात्र सारखी उबदार राहिली पाहिजे. गार हवा छातीत बसली तर आजार उलटेल, आणि दुसऱ्यांदा तो त्यांना सोसवेलच असे मी सांगू शकत नाही. सुनेने ते वाक्य मला मराठीत पुन्हा सांगितले. मला ते इंग्रजीतही समजले होते.

आम्ही राहतो ते घर ग्लासगोपासून तासाभराच्या अंतरावर, एका लहान गावाच्या टोकाला आहे. दगडी भिंती, खाली दोन खोल्या, वर दोन. गावात गॅस नाही. पहिला हिवाळा आम्ही जुन्या विजेच्या हीटरवर काढला आणि गेल्या शरदात मुलाने ते सर्व काढून टाकून पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. मी त्यास शेगडी म्हणतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या, म्हणजे पेलेट, वरच्या टाकीत ओतायच्या. एक फिरता स्क्रू त्या थोड्याथोड्या खालच्या लोखंडी भांड्यात सोडतो. भांड्याच्या मागे नळीत बसवलेली, विजेवर तापणारी एक सळई असते. पंखा तिच्यावरून वारा नेतो आणि त्या तप्त वाऱ्याने पहिला जाळ धरतो. समोर जाड काच. साऱ्या घराच्या रेडिएटरांतले पाणी हीच शेगडी तापवते, म्हणजे ती थंड तर घर थंड.

त्या सकाळी पंखा घुमला, कांड्या खळखळत भांड्यात पडल्या, आणि पंधरा मिनिटांनी जाळ दिसण्याऐवजी चिमुकल्या पडद्यावर लाल अक्षरे आली. पेटणे अयशस्वी. पाठोपाठ शिटीसारखा आवाज.

पत्नीचा पलंग आम्ही खालच्याच खोलीत, शेगडीसमोर आणला होता. ती उशांना टेकून बसली होती. म्हणाली, "अहो, तुमच्या अग्निनारायणाचा आज उपवास दिसतो."

"बोलू नकोस, दम लागेल," मी म्हणालो.

"बोलले नाही तर तुम्हाला वाटेल मी गेलेच."

सून वरून धावत आली. ती ग्लासगोतच जन्मली आणि वाढली. तिचे आईवडील चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले डॉक्टर. हिवाळ्यात ते पुण्यास जातात, त्या वर्षीही गेले होते. मुलगा नोकरीसाठी सोमवार ते शुक्रवार दूर इंग्लंडात, ब्रॅकनेलला असतो. त्यामुळे घरातले यंत्र बिघडले की ते तिच्याच हातांत येते, आणि ते हात कुशल आहेत. तिने गुडघ्यांवर बसून दार उघडले, न जळलेल्या कांड्या लोखंडी बादलीत काढल्या, भांडे उचलून झटकले, राखेचा व्हॅक्यूम फिरवला, टॉर्च लावून भांड्याची भोके एकेक तपासली, दाराच्या कडेची पट्टी बोटाने दाबून पाहिली.

"हे काढलेले पेलेट परत वर टाकायचं नाही," ती मला समजावीत म्हणाली. "मॅन्युअल म्हणतं, पॉट एम्प्टी नसेल तर एकदम भडका होतो."

पुन्हा बटण. पुन्हा पंधरा मिनिटे. पुन्हा लाल अक्षरे.

आता मला माझ्याविषयी लिहिणे भाग आहे.

मुंज झाल्यापासून मी वैश्वदेव करीत आलो आहे. जेवणापूर्वी शिजलेल्या अन्नातला थोडा अळणी भात तुपात भिजवून अग्नीला द्यायचा, मग आपण जेवायचे, इतकेच त्याचे बाह्य रूप. शाळेत संस्कृत शिकवीत होतो तेव्हाही मधल्या सुट्टीत घरी येऊन ते करीत असे. इकडे आलो तर स्वयंपाकघरात काचेची सपाट शेगडी, जिच्यात ज्वाळाच नाही, आणि छताला धूर ओळखणारे यंत्र. अग्नी नसेल तेथे पाण्यात आहुती द्यावी, असे आमच्या गुरुजींनी शिकवले होते. एक वर्ष मी तसेच केले. मनाचे समाधान झाले नाही. मग शरदात काचेआड ती ज्वाळा प्रथम पाहिली आणि खरे सांगायचे तर माझे हात आपोआप जोडले गेले.

सुनेने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "बाबा, चालू असताना दार उघडायचं नाही हं." मी मान हलवली होती. ती आठवड्यातून तीन दिवस कचेरीत जाते, उरलेले दोन दिवस वरच्या खोलीत दार लावून काम करते. दुपारी दार एका मिनिटापुरते उघडून चार शिते आत सोडली तर कोणाचे काय जाते, असा मी विचार केला. यंत्राने कधी तक्रार केली नाही. पत्नी पाहत असे. सुनेला हे ठाऊक आहे अशी तिची समजूत होती, आणि ती समजूत मी मोडली नाही.

पुढे पत्नी आजारी पडली. ती रुग्णालयात असताना मी आहुती वाढवल्या. चार शितांच्या जागी मूठभर भात, आणि तूप चमच्याने. दुपारी एकदा होते ते सकाळसंध्याकाळही होऊ लागले. तिच्या नावाने संकल्प केला होता, की ती बरी होईपर्यंत एकही चुकवणार नाही. ती घरी आल्यावरही, बरी झाली असे डॉक्टर म्हणेपर्यंत, तो चालू ठेवला. ती औषधे घेऊन डोळे मिटून पडली असे तेव्हा मी दार उघडीत असे.

दुसऱ्या अपयशानंतर सुनेने शेगडी बसवून देणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. त्यांचे बोलणे इकडच्या वळणाचे, पण संथ. मला बहुतेक समजत होते. त्यांनी क्रमाने विचारले. कांड्या पडतात का? पडतात. पंखा? चालतो. भोके? साफ आहेत. मग त्यांनी विचारले, पेलेटशिवाय दुसरे काही आत गेले आहे का? कागद, कचरा, खाण्याचे पदार्थ? घरात बरीच माणसे असली की कोणीतरी काहीतरी आत टाकतेच, ते म्हणाले.

सुनेने मान वळवून मला विचारले, "बाबा, पेलेट सोडून काही टाकलं होतं का आत? चुकून पण?"

"नाही," मी म्हणालो.

तो शब्द उच्चारण्यास मला क्षणही लागला नाही. आयुष्यभर मुलांना मी सत्याविषयीचे पाठ शिकवले, त्यांचे अन्वय लावून घेतले, चुकले तर शंभरदा लिहवून घेतले. त्या सकाळी मनाने मला तत्काळ समर्थनही पुरवले. अग्नीला दिलेले हविर्द्रव्य काही 'टाकलेले' नसते. तुपाने अग्नी वाढतो, विझत नाही. सांगितले तर ही मला थांबवील, आणि संकल्प मध्येच तुटला तर पत्नीचे काय? हे सर्व मी माझ्याशीच बोललो. सुनेला मात्र तो एकच शब्द मिळाला.

पत्नीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. माझ्या देवपूजेत ती उभ्या संसारात कधी बोलली नाही.

"मग पेलेट दमट असतील," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "नवी कोरडी पिशवी आणा. मी आज तुमच्याच भागात आहे, पण पेलेटचाच दोष असेल तर उगीच यायला नको. नाहीच झालं तर गुरुवारी येतो."

तो मंगळवार होता.

सुनेचा चेहरा उतरला. पिशव्या तिनेच बागेतल्या शेडमध्ये ठेवल्या होत्या आणि त्यांतली एक कोपऱ्यात फाटली होती. तिने कचेरीला रजा कळवली, बर्फाच्या रस्त्याने गाडी काढली, दीड तासाने दोन नव्या पिशव्या घेऊन आली. येताना शेजारणीकडून एक विजेचा हीटरही उसना आणला. तो समोर ठेवला की पाय भाजत आणि पाठ गोठे. टाकी रिकामी करून, पुसून, तिने नव्या कांड्या भरल्या.

तिसऱ्यांदा लाल अक्षरे आली तेव्हा ती काचेसमोर तशीच बसून राहिली. दुपारच्या जेवणाला मी भात पाण्यात सोडला. शेगडीकडे पाहण्याचे मला धैर्य झाले नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. खोलीत तेव्हा तेरा अंश होते. पत्नीच्या अंगावर तीन पांघरुणे, डोक्याला लोकरी टोपी, आणि श्वासाबरोबर छातीत बारीक शिटी वाजू लागली होती.

"तुला मी सांगितलं होतं, पिशव्या घरात ठेव म्हणून," मुलगा फोनवर सुनेला म्हणत होता, इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू येत होते. "सांगितलं होतं की नाही?"

"हो. पण हॉलमध्ये जागा नव्हती."

"मग आता आईला जागा आहे का कुठे? तू पॉट तरी रोज साफ करतेस का, का तेही वीकेंडला?"

"करते."

"मग असं कसं होईल?"

"माझा चूक आहे," ती म्हणाली. "आय नो. माझाच चूक आहे. तू ओरडू नको ना, आई झोपलेत."

पत्नी झोपली नव्हती. तिने मान भिंतीकडे वळवली.

मी त्या खोलीत, त्या दोघींपासून पाच पावलांवर, खुर्चीत बसलो होतो. हातात जपमाळ होती. माझ्या अपराधाचे ओझे दुसऱ्याची मुलगी माझ्या देखत उचलून आपल्या डोक्यावर घेत होती, आणि मी मणी सरकवीत होतो. उद्या सकाळी सांगू, असे मी ठरवले. उद्या बहुधा ती पेटेलच, म्हणजे सांगावेच लागणार नाही, असेही ठरवले. दोन्ही निश्चय एकाच मनात शेजारीशेजारी बसू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

बुधवारी सकाळी सुनेने पत्नीच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. आकडा अठ्ठ्याऐंशी दाखवीत होता. तिने बोट चोळून गरम केले, पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशीच.

"आई, कसं वाटतंय?"

"छान," पत्नी म्हणाली, आणि त्या एका शब्दानंतर तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. मग सुनेच्या गालाला हात लावून म्हणाली, "तू रडतेस कशाला? शेगडी... तुझ्या माहेरची आहे का?"

सून हसली आणि फोन घेण्यासाठी उठली. मी तेव्हा बोललो. वेळ निवडली नव्हती. तिच्या गालावर पत्नीचा हात पाहिला आणि पुढे गप्प राहता आले नाही.

"जरा थांब," मी म्हणालो. "पिशव्यांचा दोष नाही. मी त्या शेगडीत रोज भात घालतो."

ती वळली. "काय घालता?"

"भात. तूप घालून. आहुती म्हणून."

"आतमध्ये? आगीत?"

"हो."

"किती?"

"आधी चार शिते. ही आजारी पडल्यापासून मूठभर. दिवसातून तीनदा."

"आणि तूप?"

"प्रत्येक वेळी चमचाभर."

तिच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. ती रागावेल, ओरडेल, अशी माझी अपेक्षा होती. ते मला सोपे गेले असते. ती अतिशय हळू म्हणाली, "बाबा, मी काल विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तो शेगडीवाला काल जवळच होता."

"हो. मी ऐकले होते."

यापुढे ती माझ्याशी बोलली नाही, कारण वेळ नव्हता. तिने आधी रुग्णवाहिकेसाठी फोन केला आणि पत्त्याबरोबर तो आकडा सांगितला. मग ती वाट पाहत असतानाच शेगडीवाल्या गृहस्थांना फोन करून भाताचे आणि तुपाचे सांगितले. ते म्हणाले, की तूप भांड्याच्या भोकांतून मागच्या नळीत उतरून जळले असेल; तिथला वारा बंद झाला की सळई जागच्या जागी तापून जळते. भोके वरून कितीही साफ दिसली तरी उपयोग नाही. सळई नवी लागेल. काल कळले असते तर काल संध्याकाळीच बसवली असती. आज ते दूर उत्तरेला होते.

तिने फोन ठेवला आणि पत्नीची बॅग भरायला घेतली.

रुग्णवाहिकेतून आलेल्या दोघांनी पत्नीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. मी तिचे पाय लोकरीच्या मोज्यांत घालीत होतो. मुखवटा किंचित वर उचलून ती म्हणाली, "सांगितलंत एकदाचं."

"सांगितले."

"मग झालं." आणि थोड्या वेळाने, "उशीर केलात मात्र."

सून तिच्याबरोबर गेली. मी घरी राहिलो, कारण गाडीत एकालाच जागा होती. त्या दिवशी मी काही शिजवले नाही. म्हणून आहुतीचाही प्रश्न आला नाही. मुंजीनंतर पहिल्यांदा खंड पडला. त्याचे मला भय वाटेल असे मी समजत होतो. भय वाटत होते, पण ते त्याचे नव्हते.

गुरुवारी ते गृहस्थ आले. साठीचे, बारीक अंगाचे. दारातच बूट काढून त्यांनी शेजारीशेजारी ठेवले. सून रुग्णालयातून तासाभरासाठी आली होती. त्यांनी भांडे काढले, मागचे दोन स्क्रू सोडवले आणि नळी वर्तमानपत्रावर उलटी केली. डांबरासारखा काळा, कठीण गोळा बाहेर पडला. एका कडेला जळलेली शिते होती. आकार शाबूत, रंग कोळशाचा. सळई मधोमध तडकली होती.

"वास स्वयंपाकाचा आहे," ते सुनेला म्हणाले. "इथं कोणी जेवण करत होतं की काय?"

"आमच्याकडची प्रार्थना आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "खाण्याआधी आगीला थोडं देतात."

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग तिनं भरपूर खाल्लं म्हणायचं." बोलण्यात दुष्टपणा नव्हता. मी त्यांना म्हणालो, की यात माझ्या सुनेचा काहीही दोष नाही, हे आपण आपल्या कागदावर लिहून द्यावे. मला ते माझ्या मुलास दाखवायचे आहे. त्यांना हे चमत्कारिक वाटले असावे. तरी त्यांनी पावतीच्या खाली दोन ओळी लिहिल्या. सून म्हणाली, "नको हो बाबा, कशाला." मी तो कागद घेतला आणि ती परत रुग्णालयात जाण्यापूर्वीच मुलाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "तिला फोन द्या." त्यांचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, मी बाहेरच्या खोलीत गेलो.

नवी सळई बसवायला अर्धा तास लागला. आठव्या मिनिटाला कांड्यांच्या ढिगात एक केशरी ठिपका दिसला, मग जाळ. मी काचेपासून दूर उभा होतो. नमस्कार केला नाही. करावासा वाटला होता.

पत्नी बारा दिवसांनी घरी आली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की उजव्या फुफ्फुसाच्या तळाचा भाग पूर्वीसारखा होईल असे वाटत नाही. ते त्या एका थंड दिवस-रात्रीमुळे की मूळच्या आजारामुळे, असे मी विचारले. तसे निश्चित सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. त्या सज्जन होत्या. मला धीर देण्यासाठी तसे म्हणाल्या की खरोखर सांगता येत नव्हते, याचा निर्णय माझ्याने आजवर झालेला नाही. पूर्वी ती जिना एका दमात चढत असे. आता मध्यावर कठड्याला धरून उभी राहते आणि मी पाहत असलो तर भिंतीवरच्या चित्राकडे पाहत असल्यासारखे करते.

मी पुन्हा पाण्यात आहुती देतो. तांब्याचे लहान पात्र आहे. त्यातले पाणी नंतर बागेतल्या झुडपाला घालतो. गुरुजींनी जे पूर्वीच शिकवले होते ते मला अपुरे का वाटले, याचा विचार मी पुष्कळ केला. ज्वाळा दिसावी, आपल्या हातून काही मोठे घडते आहे असे वाटावे, ही माझी हौस होती, आणि तिला मी श्रद्धेचे नाव दिले होते. पत्नीसाठी केलेला संकल्पही त्याच हौसेने वाढवला असेल काय, येथवर विचार पोहोचतो आणि मग मी तो पुढे नेत नाही.

सुनेने त्या दिवसांनंतर मला एका शब्दानेही दुखावलेले नाही. संध्याकाळी कामावरून आली की ती आधी पत्नीच्या कपाळाला हात लावते, मग चहा ठेवते. परवाही आली, कोट काढता काढता विचारले, "बाबा, आईंनी दुपारची गोळी घेतली?"

"घेतली," मी म्हणालो. "दोन वाजता, माझ्यासमोर."

"थँक यू, बाबा," ती म्हणाली. मग पलंगाशेजारच्या टेबलाजवळ गेली, वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी उचलली, त्या वाराचे झाकण उघडून आत पाहिले आणि ते पुन्हा, आवाज न करता, लावले.